मी न पाहिलेला किनारा

जहाजावर मी नाश्त्याच्या हॉलमध्ये वाढपी होतो. जहाज कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटाला लागलं, की त्या सकाळी टेबलाटेबलावरून एकच प्रश्न यायचा, "आज कुठल्या बीचवर जावं?"

मला त्यातला एकही बीच माहीत नव्हता. चार महिन्यांत मी बंदराच्या फाटकाबाहेरच्या एका बारच्या पुढं कधी गेलो नव्हतो. तिथं एक थंड बाटली घेतली की वायफाय मिळायचं आणि घरी बोलता यायचं, तेवढंच माझं काम. पण पाहुण्याला ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलेलं. मग जाऊन आलेल्या पोरांकडून ऐकून ऐकून मी प्रत्येक बेटाचे दोन-तीन किनारे पाठ केले. या बेटावर तीन होते. पहिला बंदरापासून चालत जाण्यासारखा; ओळीनं बार, मोठ्यानं गाणी, भाड्याच्या खुर्च्या. तो तरुण टोळक्यांना सांगायचा. दुसऱ्याला होडीतून जावं लागे, तिथं पाण्याखालचे मासे दिसत, तो लेकुरवाळ्यांना. आणि तिसरा डोंगरापलीकडचा. गर्दी नाही, झावळ्यांचा एकच बार, तिथं एक म्हातारी मासे तळून देते. तो वयस्कर जोडप्यांना.

मी सांगताना असा सांगायचो की माझं बालपण त्या वाळूत गेलंय. लोक खूश होऊन अभिप्रायाच्या कार्डावर माझ्याबद्दल चांगलं लिहायचे.

माझं बालपण गेलं आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या बाजूला. आमच्या वयाच्या बहुतेक पोरांना पोहता येत नाही. वडील लहानपणी विहिरीत सूर मारायचे म्हणतात, पण मला कळायला लागलं तेव्हा त्याच विहिरीच्या तळाला पोरं बॅट-बॉल खेळायची. वडील सहकारी साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलायच्या. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, ऊसच राहिला नाही आणि त्या हंगामात बॉयलर पेटलाच नाही. कामगारांना घरी बसायला सांगितलं. जिथं गाड्यांची रांग लागायची त्या आवारात चारा छावणी उघडली, आणि आई आमची चार जनावरं घेऊन तिथं पालात राहायला गेली. मी नगरला हॉटेलचा कोर्स केला होता. कुणीतरी जहाजाचं सुचवलं आणि मी निघालो.

निघण्याआधी मुंबईला एक प्रशिक्षण असतं. लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची. मी कडेला उभा राहिलो तो राहिलोच. शेवटी शिकवणाऱ्यानं मागून ढकललं. नाकातोंडात पाणी गेलं, जॅकेटनं वर आणलं, आणि मी पास झालो. त्या दिवसापासून मला खोल पाण्याची भीती बसली. जहाजावरही मी कठड्याजवळ उभा राहत नसे.

त्या सफरीत एक पुण्याचं जोडपं होतं. मुलगा अमेरिकेत, त्यानं दोघांना तिकीट काढून दिलेलं. माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी "बसा ना" निघालं आणि काकू एकदम वळल्या.

"अरे, मराठी का तू? कुठला?"

"बीड जिल्हा."

"बीडचा मुलगा आणि समुद्रावर!" काका हसले. "तुमच्याकडं तर प्यायला टँकर."

तेव्हापासून ती दोघं माझ्याच टेबलावर बसायची. काकू माझ्या आईची चौकशी करायच्या, छावणीत शेण काढायला कोण असतं विचारायच्या. दूरच्या पाण्यावर कुणी आपल्या भाषेत असं विचारलं की माणूस हळवा होतो. त्यांना काहीतरी चांगलं द्यावं असं मला वाटत होतं.

त्या बेटावर लागलो त्या सकाळी काकू म्हणाल्या, "हे बघ, आम्हाला त्या दारूच्या अड्ड्यांवर नको पाठवूस. शांत जागा सांग."

मी डोंगरापलीकडचा किनारा सांगितला. झावळ्यांचा बार, म्हातारी, तळलेले मासे. "मासे नसतील खायचे तर शहाळं मिळतं," हेही सांगितलं. ते तर मी कुणाकडून ऐकलंही नव्हतं.

काकांनी विचारलं, "समुद्र कसा आहे पण? मी पूर्वी रोज पोहायचो. आता गुडघ्यांनी बंद झालंय. पाण्यात उतरता येईल ना?"

"एकदम शांत, काका. लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी. निवांत उतरा."

कुणी मला तसं सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते ऐकायचं होतं आणि मी ते बोललो.

दुपारी मला अडीच तासांची सुट्टी होती. माझ्या खोलीतला सोबती रत्नागिरीकडचा, कोळ्याच्या घरातला. आम्ही दोघं नेहमीच्या बारमध्ये जाऊन बसलो. आईला फोन लागला. मागं गुरांचा आवाज येत होता.

"पाणी लई खोल असतंय का रं तिथं?" ती दर फोनला हेच विचारायची.

"मी कशाला जाईन पाण्यात? मी आतच असतो."

"जाऊ नगंस. आपल्याला त्याची सवय न्हाई."

फोन ठेवला. सोबती बाहेर बघत होता. बारवरचे झेंडे ताठ फडफडत होते. बोलता बोलता मी त्याला सांगितलं, की आपल्या पुण्याच्या काका-काकूंना मी पलीकडच्या किनाऱ्यावर धाडलंय.

त्यानं बाटली खाली ठेवली. "पलीकडच्या? आज? वारा बघितलास काय?"

"वाऱ्याचं काय?"

"अरे, ती उघड्या समुद्राची बाजू. तिथं पाण्याला ओढ आहे. मी मागं गेलो होतो तेव्हा घोट्याच्या वर उतरलो नाही. मी! तू त्यांना काय सांगितलंस?"

मी त्याला ते वाक्य सांगितलं. मग त्यानं काउंटरवरच्या बाईला विचारलं. ती ग्लास पुसता पुसता म्हणाली, की तिकडं सकाळपासून लाल झेंडा असणार, आणि असल्या वाऱ्यात तिथला माणूससुद्धा पाण्यात जात नाही. तिनं ते रोजचं बोलणं बोलल्यासारखं सांगितलं. मी मात्र उठून उभा राहिलो.

"काकांना लाल झेंडा कळेल की," सोबती म्हणाला.

"मी सांगितलंय ना शांत आहे म्हणून. ते माझं ऐकतात."

मला तीनला कामावर हजर व्हायचं होतं. एक वाजून गेला होता. पलीकडं जायला गाडीला पाऊण तास लागतो हे मीच सगळ्यांना सांगायचो. उशीर झाला तर ताकीद. जहाज चुकलं तर थेट घरी. सोबत्याची पाळी दोनला होती. तो म्हणाला, "तू जा. मी वर काहीतरी सांगतो. पण पाण्यात उतरू नकोस, ऐकलंस? तू उतरलास तर दोघं जाल."

फाटकाबाहेरून मी एका व्हॅनमध्ये बसलो. चालक माणसं भरल्याशिवाय निघेना. मी हात जोडले, घड्याळ दाखवलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण निघाला. रस्ता वळणावळणाचा. एका वळणावर जुन्या साखर कारखान्याचं धुराडं उभं होतं, दगडी, वरून झाड उगवलेलं. एरवी मी ते डोळे भरून बघितलं असतं. त्या वेळी फक्त एवढंच डोक्यात होतं, की त्यांच्या मुलाला कोण कळवणार, आणि तो विचारेल, तिथं पाठवलं कुणी? जहाजावरचे साहेब विचारतील. काकूंना माझं नाव पाठ होतं. मग मला माझीच लाज वाटली, की माणसं पाण्यात असतील आणि मी माझ्या नावाचा विचार करतोय. तरी तो विचार जाईना. तळव्यांना घाम येत होता आणि मी सारखा तो पँटला पुसत होतो.

डोंगर उतरल्यावर आधी आवाज आला. पोत्यांची थप्पी वरून ढकलावी तसा धप्प, आणि मग लांबलेली खरखर. झाडं संपली आणि समुद्र दिसला. लांबपर्यंत कमरेएवढं पाणी कुठंच नव्हतं. लाटा काठावरच उभ्या राहून कोसळत होत्या. लाल झेंडा होता. झावळ्यांचा बारही होता, पण बंद, फळ्या लावलेल्या.

दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर काकूंची पर्स. दुसरीवर काकांचा शर्ट, नीट घडी केलेला, आणि त्यावर चष्मा.

मी दोन्ही बाजूंना बघितलं. मग डावीकडं, खडकांच्या बाजूला काकू दिसल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, सलवार भिजून पायाला चिकटलेली, दोन्ही हात पुढं केलेले. मी पळत सुटलो. वाळूत पाय रुतत होते.

"ते बघ, ते बघ," त्या मला पाहून एवढंच म्हणत राहिल्या. मी तिथं कसा, हे त्यांनी विचारलं नाही.

लाटांच्या पलीकडं एक डोकं दिसत होतं. दिसे, जाई, पुन्हा दिसे. काकू पुढं निघाल्या. मी त्यांना मागून कवेत घट्ट धरलं. एक लाट आली आणि छातीपर्यंत भिजवून गेली. परत जाताना तिनं पायाखालची वाळू अशी काही उपसली की मी सावरलो नसतो तर दोघंही आत गेलो असतो. तेव्हा ओढ म्हणजे काय ते मला कळलं. मी मोठ्यानं ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण मराठीत ओरडलो एवढं आठवतं.

खडकाआडून एक माणूस धावत आला. मासे धरणारा असावा. त्यानं लांब फळी पाण्यात टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि सरळ काकांकडं न जाता आडवा, बाजूनं निघाला. मला वाटलं हा भलतीकडंच चाललाय. मी रडकुंडीला आलो. काकू माझ्या दंडाला धरून होत्या. त्यांची नखं रुतली होती आणि त्या देवाचं नावही घेत नव्हत्या, नुसत्या मोजल्यासारखं "आहे, आहे, दिसतंय" म्हणत होत्या. एकदा बराच वेळ काही दिसलं नाही. तेव्हा त्या थांबल्या.

मग खूप लांब, खडकांच्या दुसऱ्या टोकाला, फळीवर दोन माणसं दिसली. ओढीला बगल देऊन तो वळसा घालून आला होता.

काकांना वाळूवर आणलं तेव्हा ते निळसर पडले होते. खोकले, खारं पाणी ओकले, पुन्हा खोकले. काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या माणसानं त्यांची पाठ चोळली, झेंड्याकडं बोट दाखवलं आणि आमच्यावर त्याच्या भाषेत संतापला. त्याचं बरोबरच होतं. मी त्याचे पाय धरायला वाकलो तर तो दचकून मागं सरला.

काका बोलू लागले. "कमरेएवढंच होतं रे. दहा पावलं. मग खाली काहीच नाही."

मी त्यांच्यासमोर बसलो. "काका, मी हा किनारा कधी बघितलाच नव्हता. मला पोहतासुद्धा येत न्हाई. शांत आहे, हे मी माझ्या मनानं सांगितलं."

काका डोळे मिटून पडले होते. काकूंनी मान वर केली. "मग सांगितलंस कशाला?"

मी उठून खुर्चीवरचा काकांचा शर्ट आणि चष्मा आणून दिला.

परतीच्या व्हॅनमध्ये काका मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. मला आता वेगळीच भीती लागली होती, की छातीत पाणी राहिलं असेल, वाटेत काही झालं तर? प्रत्येक खोकल्याला मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. बंदरावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. जहाजाच्या दवाखान्यात त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं.

मला साहेबांपुढं उभं केलं. उशिराबद्दल लेखी ताकीद मिळाली. किनाऱ्याचं विचारतील म्हणून मी वाट बघत होतो, तर कुणी काही विचारेना. शेवटी मीच सांगितलं, कुणी पाठवलं, काय सांगून पाठवलं. साहेबांनी एक कागद पुढं सरकवला. "त्या गृहस्थांनी लिहून दिलंय," ते म्हणाले, "की झेंडा दिसूनही आपण स्वतःच्या हिमतीवर उतरलो."

उरलेल्या दिवसांत ती दोघं दुसऱ्या टेबलावर बसली. एकदा काकू माझ्या बाजूनं गेल्या, थांबल्या, वाटलं बोलतील. पण त्यांनी फक्त टेबलावरची पाण्याची सुरई उचलली आणि गेल्या. सफर संपली त्या सकाळी काका काठी टेकत उतरले. हॉलच्या दारातून मी बघत होतो; जिन्यावरून त्यांनी वळून हात वर केला. मला की आणखी कुणाला, ते कळलं नाही. मी मात्र हातातला ट्रे खाली ठेवून दोन्ही हात जोडले.

दुपारी मी साहेबांकडं जाऊन खालच्या मजल्यावरचं भांडी धुण्याचं काम मागितलं. त्यांना वाटलं, मी स्वतःला शिक्षा करून घेतोय. तसं नव्हतं. जहाज बेटाला लागलं, साखळ्यांचा आवाज झाला, की माझे तळवे ओले व्हायचे आणि वाटायचं, आता कुणीतरी हसत येईल आणि विचारेल.