फेकलेले तुकडे

सेलूच्या जिनिंगमध्ये मी सव्वीस वर्षं कापसाची प्रत ठरवली. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी ओढत राहायचं, आखूड तंतू फेकायचे आणि उरलेल्या लांब तंतूंना पट्टी लावायची. आखूड म्हणजे कचरा. ही सवय बोटांत बसलेली.

मुलगी परभणीला एम.एस्सी. करते. पेशीचा आकार आतल्या अतिबारीक धाग्यांवर टिकतो. तिचा प्रयोग त्या धाग्यांवर. सुट्टीत ती दोन डिशांचे फोटो लॅपटॉपवर घेऊन आली. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा. एका डिशमध्ये नुसते धागे, एकीत तिनं तीन महिने खपून शुद्ध केलेलं प्रोटीन मिसळलेलं. ते धाग्यांवर काम करतं का, हे लांबीवरून कळणार होतं. मोजणीचं काम मीच मागून घेतलं. कोणती डिश कोणती, हे तिनं मुद्दाम सांगितलं नाही.

चार दिवसांनी दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखी निघाली. तिचा चेहरा उतरला. प्रयोगावर देखरेख करणाऱ्या सरांना फोनवर म्हणाली, "प्रोटीन मेलेलं आहे." सोमवारी ते टाकून द्यायचं आणि नवा विषय घ्यायचा, असं ठरलं.

रविवारी ती बॅग भरत होती. मी विचारलं, "तुझ्या प्रोटीननं करायला काय पाहिजे होतं?"

तिनं वर्गात दाखवलेली एक फिल्म लावली. एक लांब हिरवा धागा. त्यावर प्रोटीनचे लाल ठिपके येऊन चिकटले आणि लाल भाग संपत होता तिथंच धागा तुटला. मग आणखी एका जागी.

"चिकटलं की धाग्याचा पीळ बदलतो, बाबा. मग कडेला तुटतो. तुकडे सुटले तर पेशी त्यातूनच नवे धागे बांधते. न्हाईतर ती जागची हलणार न्हाई."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"असले तुकडे तर मी घेतलेच नाहीत."

"घेतले न्हाईत म्हंजे?"

"आखूड होते. सोडून दिले."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अवो, तिथं बी कापूसच निवडायलाव का तुमी?"

कुणी हसलं नाही. मी वही आणली. सोडलेल्यांची लांबी नव्हती, पण संख्या मी टिपली होती. पहिली डिश, ३८. दुसरी, २१४. दुसरीपुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं: माल खराब.

"दुसरीतच प्रोटीन हाय," ती म्हणाली.

आकडा मीच लिहिला होता, चार दिवस तो डोळ्यांपुढं होता, आणि मी त्याला घाण समजून पान उलटलं होतं. एक दिवस उशीर झाला असता तर तिचे तीन महिने मोरीत गेले असते.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "टाकू नकोस. सगळं पुन्हा मोज, एकूणएक. आणि बाबांकडून नको."

मी खुर्ची रिकामी करून दिली. तिनं दुसऱ्या डिशचा फोटो उघडला आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातला तिळाएवढा तुकडा मोजला. तो मी ओळखला.