नानांची पाहणी

नाना रस्त्याने चालताना येईल त्या भिंतीला हात लावतात. हाताला पांढरं लागलं की बोटं चोळून बघतात आणि तोंड वाकडं करतात. चहा आला की आधी टेबल हलवून पाहतात. लग्नाला गेले की मांडवाचे खांब ओढतात, नवरदेवाकडे नंतर बघतात. सायकलला कुलूप लावून दहा पावलं जातात, परत येऊन कुलूप ओढतात, पुन्हा जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीत पत्त्यांचे डाव बसतात तेव्हा खेळणाऱ्यांच्या मागे दिवसभर उभे राहून सगळ्यांची पानं बघतात. स्वतः एक डाव खेळत नाहीत. आणि हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तारीख घालून 'पाहिले' असं लिहितात. दुधाच्या कार्डावर, लग्नपत्रिकांवर. त्यांच्या मुलीची शाळेतली प्रगतिपुस्तकं अजून कपाटात आहेत. पालकांच्या सहीच्या जागी सगळीकडे 'पाहिले' आहे.

ही यादी मी कौतुकाने केलेली नाही.

शालिग्राम फिरके, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. एकतीस वर्षांची नोकरी, सगळी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत. रस्त्याखालच्या मोऱ्या, फरशीपूल, शाळाखोल्या, विश्रामगृहांच्या दुरुस्त्या. आपली एकही मोरी कधी वाहून गेली नाही, असं ते सांगतात. ते खरं आहे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला त्याचं कारण सांगितलं. नानांच्या हातून मोरी पुरीच होत नसे. ते पाहणी करत, त्रुटी लिहीत, 'पाहिले' करून फाइल वर पाठवत. 'मंजूर' हा शब्द साहेबाने लिहायचा. साहेब तो लिहीपर्यंत नानांची बदली झालेली असे. पुढचा माणूस मोरी पुरी करी, आणि वाहून गेली तर त्याची जाई.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू आहे. मराठी घेऊन एम.ए. केलं, नोकरी नाही. नाना मला नावाने हाक मारत नाहीत, 'एमे' म्हणतात. "तुम्ही साहित्याचे, एमे. मसुदा तुम्ही करा." दोन वर्षांत मी त्यांच्यासाठी साठेक पत्रं लिहिली असतील. नगरपालिकेला, घड्याळाच्या कंपनीला, एकदा छत्री दुरुस्त करणाऱ्यालाही. सगळ्यांत फक्त विचारणा. मला वाटायचं, माणूस चिकित्सक आहे. वयात पस्तीस वर्षांचं अंतर असून मी त्यांना मित्र म्हणायचो.

त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदाताई यावलजवळच्या एका गावात दिलेली आहे. चौदा माणसांचं घर, वर केळीच्या बागेतले गडी. पहाटे साडेतीनला तिची चूल पेटते. सासरचे तिला वर्षातून एकदाच पाठवतात, आखाजीला, तेही पाच दिवस. आमच्याकडे आखाजीला माहेरवाशिणीने काम करायचं नसतं. आंब्याचा रस खायचा, कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची. या घरात तसं होत नाही. नानांच्या पत्नी, अक्का, यांच्या हातांचे सांधे सुजलेले असतात. त्यांना पोळी लाटता येत नाही. म्हणून सुनंदाताई इथेही चुलीपुढेच असते.

आणि झोका तर या घरात कधी बांधला गेला नाही. परसात मोठा लिंब आहे. सहा वर्षं नाना त्याची फांदी तपासत आहेत. मागच्या आखाजीला त्यांनी चाचणी घेतली. दोन पोत्यांत वाळू भरली, वजन केलं, पोती फांदीला टांगली आणि खाली खुर्ची टाकून बसले. दर तासाला फांदी किती वाकली ते फूटपट्टीने मोजून वहीत लिहीत होते. संध्याकाळी सहा वाजता त्यांनी वही मिटली. फांदी पाव इंच वाकली होती. तोवर गल्लीतल्या बाकीच्या मुली झुलून, गाऊन घरी गेल्या होत्या. सुनंदाताई दिवसभर भांडी घासताना खिडकीतून त्या पोत्यांकडे बघत होती. शेजारच्या भिकुबाई म्हणाल्या, "काय नाना, पोती माहेराले आली का यंदा?" नाना हसलेसुद्धा नाहीत.

त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी झाडाचं नाव नको. धुळ्याच्या रस्त्याला नवी करमणुकीची बाग झाली आहे, मोठे पाळणे, फिरते झोके, पाण्याची घसरगुंडी. राहायला खोल्या. तिथला झोका इंजिनियरने केलेला असतो. आपण दोन दिवस जाऊन राहू.

सुनंदाताई वर्षभर ते धरून बसली होती. हे मला अक्कांनी सांगितलं. "पत्रात दोनदा इचारलं तिनं. तिथं सकायचा चहा कोन करतं, म्हने. मी कळवलं, त्यांचा मानूस करतो. तर पुन्हा इचारलं, खरंच का."

तिला झोक्याचं काही नव्हतं. तिला एक सकाळ हवी होती.

यंदाच्या, म्हणजे त्र्याण्णवच्या आखाजीच्या दहा दिवस आधी, मी लिहिलेल्या विचारणेवर, बागेच्या व्यवस्थापकाचं पत्र आलं. पत्र सरळ होतं. बागेत दुरुस्ती चालू आहे. पाळणे, झोके आणि पाण्याचा हौद पावसाळ्यापर्यंत बंद. खोल्या चालू आहेत, जेवण मिळेल, दिवसा कामाचा आवाज येईल. यायचं असल्यास यावं, नाहीतर दिवाळीनंतर खोली देऊ. कृपया कळवावे.

नानांनी पत्रावर 'पाहिले' लिहिलं आणि मला बोलावलं. मी तीन मसुदे केले. एकात येतो, एकात येत नाही, एकात बारा प्रश्न. तिन्ही त्यांनी वाचले, तिन्हींत स्वल्पविराम दुरुस्त केले आणि तिन्ही टेबलाच्या खणात ठेवले.

"जागेवर जाऊन पाहू," ते म्हणाले. "कागदावरून काम कळत नसतं, एमे."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं धुळ्याच्या एसटीत बसलो. गरज पडली तर लिहायला म्हणून मला घेतलं होतं. एरंडोल, पारोळा मागे पडलं. सुनंदाताईने नवं पातळ नेसलं होतं. तिच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते आणि एक उशीचा अभ्रा, घरी धुऊन इस्त्री केलेला. खिडकीतून गरम वारा येत होता. ती सगळ्या वाटेत हसत होती, कशाला ते कळत नव्हतं.

बाग तशी भिकारच होती. फाटकावर सिमेंटचा हत्ती, सोंड तुटलेली, आतली सळई दिसत होती. मोठा पाळणा उघडा पडलेला, त्याच्या पेट्या खाली रांगेत मांडलेल्या. हौदात पाण्याऐवजी खडी. पण व्यवस्थापक भला माणूस होता. भाईदास नावाचा, माझ्याच वयाचा. पत्राला उत्तर नाही म्हणून त्याने कुरकुर केली नाही. चार नंबरची खोली उघडून दिली. तिची दुरुस्ती महिन्यापूर्वीच संपली होती. आत दोन पलंग, धुतलेल्या चादरी, कोपऱ्यात माठ, वर पंखा. खिडकीबाहेर करंजाची सावली. पाचनंतर काम थांबतं, मग शुकशुकाट असतो, असं तो म्हणाला. फक्त जेवणाचं चारपर्यंत सांगा. पाहुणे नसले तर आचारी सव्वाचारला घरी जातो.

साडेअकरा झाले होते. सुनंदाताईने चपला दाराशी काढल्या, उशीला आपला अभ्रा घातला आणि पलंगावर आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली. अक्का तिच्या पायाशी बसल्या.

नाना पाहणीला लागले.

आधी खोली. भिंती बोटांच्या पेरांनी वाजवल्या. फरशीवर बाटली आडवी ठेवून उतार पाहिला. खिडक्या उघडल्या, लावल्या, उघडल्या. मग खुर्चीवर चढून छत काठीने ठोकू लागले. सुनंदाताई दचकून उठली. "नाना, काय झालं?" "काही नाही, झोप तू," ते म्हणाले आणि आणखी सात-आठदा ठोकलं.

मग बाहेर. उन्हात. हौदाजवळ यादव नावाचे मिस्त्री काम करत होते. नानांनी वाळू मुठीत घेतली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली. एका सिमेंटला वाळू सहा की आठ, विचारलं. पाणी किती दिवस मारता, विचारलं. मिस्त्रींनी एका नजरेत माणूस ओळखला. "साहेब, तुम्हीच सांगा, माल कसा वाटतो?"

साहेब म्हटल्यावर नाना फुलले. मला त्यांच्या मागे वही घेऊन फिरायला लावलं. एक ते सतरा त्रुटी. मजूर एकमेकांकडे बघून हसत होते. एकाने त्यांना मुद्दाम पलीकडच्या खड्ड्यापाशी नेलं आणि हाही बघून घ्या म्हणाला. तो झाड लावायला खणलेला खड्डा होता. नानांनी त्याची खोली मोजली. मी ती लिहिली. अठरा.

मी तेव्हा काही बोलायला हवं होतं.

पावणेचारला भाईदास व्हरांड्यात आला. नाना खुर्चीवर बसून वही वाचत होते. सुनंदाताई दारात उभी होती. मधे तिला पुन्हा झोप लागली नव्हती.

"काका, आचाऱ्याला काय सांगू?"

"पाहिलं मी सगळं," नाना म्हणाले.

"म्हणजे थांबताय."

"तसं म्हटलं नाही मी."

"मग निघताय?"

"तसंही म्हटलं नाही."

भाईदासने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. तेव्हा सुनंदाताई बोलली. नानांपुढे तिला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"नाना, मले झोका नको. पानी नको. आज रात्री मले इथं झोपू द्या. सकायी कोनी उठवलं नाही पाहिजे. बाकी काही नको."

नानांनी मान वर करून तुळई पाहिली. मग म्हणाले, "बघू."

अक्का म्हणाल्या, "हो म्हना ना. एक शब्द तर हाये."

"घाई नको," नाना म्हणाले. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि पहिल्या त्रुटीपासून वाचायला लागले. आम्ही उभे होतो. आचारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन दोनदा बघून गेला. सव्वाचार झाले. त्याने सायकल बाहेर काढली, फाटकाजवळ थांबून मागे पाहिलं. नाना अकरावी त्रुटी वाचत होते. आचारी निघून गेला.

वही मिटून नाना उठले. "आता जेवणाचीच सोय नाही म्हटल्यावर," ते म्हणाले, "प्रश्न उरत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. ती मी स्वतः पाहिली. परीक्षा रद्द झालेल्या पोराचा चेहरा.

खोली सोडताना त्यांनी भाईदासकडून पाहुण्यांची वही मागून घेतली आणि तिच्यात लिहिलं: पाहिले. खाली तारीख. सुनंदाताईने उशीचा अभ्रा काढला, घडी केली, पिशवीत ठेवला.

पाचच्या एसटीत मी नानांशेजारी होतो. मागच्या बाकावर माय-लेकी. पारोळा आलं तेव्हा नाना आपणहून म्हणाले, "काम वाईट नव्हतं हो, एमे. खोली तर चांगली होती. तुळईला शंभर वर्षं काही होत नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "मग हो का नाही म्हटलं?"

"हो म्हटलं असतं तर जबाबदारी माझी झाली असती."

एवढं सांगून ते खिडकीची काच खिळखिळी आहे का ते बघू लागले. मी साहित्यात माणसाच्या लबाडीवर, क्रौर्यावर पुष्कळ वाचलं आहे. याला काय म्हणायचं, मला अजून सापडलेलं नाही. त्यांच्याकडे बघावंसं वाटेना. आपण या माणसाची साठ पत्रं लिहिली, हे आठवून अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

नऊ वाजता घरी आलो. सुनंदाताईने पदर खोचला आणि पीठ मळायला घेतलं. पुढचे दोन दिवस तिनेच स्वयंपाक केला. तिच्याकडून तक्रारीचा एक शब्द मी ऐकला नाही. फक्त नानांनी पाणी मागितलं की भांडं त्यांच्या हातात न देता बाजूला ठेवायची.

पाचव्या दिवशी सकाळी जावई पितांबर यायचे होते. सहा वाजता परसातून आवाज आला म्हणून मी खिडकी उघडली. नाना शिडीवर होते. त्यांनी बाजारातून नवा सोल आणला होता, विहिरीचा जाड दोर. तो फांदीवरून टाकून त्यांनी एका बाजूची गाठ मारली. तिला लोंबकळून पाहिलं. गाठ पक्की होती. फांदी हललीही नाही. खाली झोक्याची फळी तयार होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली. कधी केली होती कोण जाणे. सुनंदाताई मागच्या दारात हात पुसत उभी होती.

नाना शिडीवरून उतरले. फांदीकडे पाहिलं. मग मुलीकडे न बघता कोपऱ्यातून रिकामी पोती उचलली, फावडं घेतलं आणि वाळू भरायला बसले.

साडेआठला पितांबर आले. चहा झाला, अक्कांनी ओटी भरली. यावलची गाडी दहाची होती. जाताना सुनंदाताई परसात गेली, लोंबणारा दोर हातात धरून एकदा ओढला आणि सोडून दिला. नाना तेव्हा वजनकाटा मागायला दुकानात गेले होते.

त्याला आज तीन आठवडे झाले. सोलाची एक बाजू फांदीला बांधलेली आहे, दुसरी खाली मातीत पडली आहे. फळी भिंतीला टेकवलेली. एक पोतं भरून शिवलेलं आहे. दुसरं अर्धं भरलंय, आणि फावडं त्यातच उभं आहे.