प्रोजेक्टवाली हाजरा

आमच्या इमारतीतल्या हाजराला सगळे ‘प्रोजेक्टवाली’ म्हणतात. तळमजल्यावरच्या तिच्या बाहेरच्या खोलीत ज्वालामुखी, पवनचक्क्या, सूर्यमाला ओळीनं वाळत पडलेल्या असतात. प्रत्येकाखाली नाव मात्र कुठल्या तरी तिसरीतल्या बाळाचं. आया ऑर्डर देतात, प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मॉडेल घेऊन जातात आणि शाळेत बाळाला बक्षीस मिळतं. कशाचं, तर सर्जनशीलतेचं! मी एकदा म्हटलंसुद्धा, “हाजरा, बक्षिसं तुझ्याकडेच पाठवायला सांग.”

“येतातच की, मावशी,” ती हसून म्हणाली. “आफरीनची.”

आफरीन म्हणजे तिची मुलगी, सातवीतली. कपाटावर तिचे चषक मावत नाहीत, आणि ते मिळवून देणाऱ्या एकाही मॉडेलला त्या पोरीचा हात लागलेला नाही.

उरणला हाजराच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. उरलेल्या तुकड्यांतून ही लहानपणी होड्या कापायची. दहावीनंतर शिक्षण संपवलं, लग्न होऊन पनवेलला आली. नवरा इक्बाल न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. हिचे हात गप्प बसेनात. आफरीन पहिलीत असताना शाळेनं ‘आपला परिसर’ करून आणायला सांगितलं, तर हिनं अख्खं बंदर केलं, क्रेन वरखाली होणारी. शाळेनं ते ऑफिसात मांडून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात आया दारात हजर.

यंदा मुख्याध्यापिका बदलल्या. वल्लरीबाई नवीन आल्या आणि प्रदर्शनात फिरताना त्यांना दिसलं की वेगवेगळ्या मुलांच्या समुद्रांवर लाटा एकाच हातच्या आहेत. त्यांनी लाटांवर बोट ठेवलं, पण कोणाला रागावल्या नाहीत. सरळ जाहीर केलं, घरून काही आणायचं नाही. शनिवारी सातवीच्या मुलांनी शाळेतच, तिघातिघांनी मिळून, दिलेल्या सामानातून करायचं. विषय, शाळेसमोरचा रस्ता ट्रेलरांच्या रांगेतून ओलांडायचा कसा. कोण कोणाबरोबर, ते तिथेच चिठ्ठ्या टाकून ठरणार. आणि आपल्या कामात काय चुकतंय तेही गटानंच सांगायचं, त्याला सगळ्यात जास्त गुण. पालकांनी हवं तर व्हरांड्यातून बघावं.

मला ही बाई फार आवडली. हाजरा मात्र जेवण सोडून माझ्या दारात आली.

“मावशी, तिला कात्री धड धरता येत नाही. मीच कधी दिली नाही. वाकडं कापेल म्हणून.”

“मग आता दे.”

“आता? सगळ्या वर्गासमोर हात लटपटले तर पोरं म्हणतील, चषक चोरीचे. मग ती शाळेत पाय ठेवेल का?”

कात्री दिली नाहीच. स्वतः बसून पादचारी पूल केला आणि आफरीनकडून घोटून घेतला. आधी हा खांब, मग ही पट्टी, मग इथे गोंद. पोरगी पाढे म्हणावेत तशी पुटपुटत पूल जोडायची. तेवढ्यात इतर आयाही आल्या. “सरावापुरतं एक द्या ना!” लाटांचा धडा हाजरा विसरली नव्हती. या खेपेला तिनं प्रत्येकाला वेगळं दिलं. अथर्वला भुयारी मार्ग, कोमलला सिग्नल.

शनिवारी आम्ही दोघी व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभ्या. चिठ्ठ्या निघाल्या. आफरीन, अथर्व, कोमल.

हाजरानं माझं मनगट आवळलं. “या अल्ला! तिन्ही माझीच!”

आत सुरू झालंच होतं.

“पूल करायचा,” आफरीन म्हणाली.

“भुयार! माझं भुयार पाठ आहे.”

“सिग्नल लावा ना, सोपं आहे.”

“तुझ्या सिग्नलला ट्रेलर थांबतो काय?” अथर्व ओरडला. “मामा लागतो का तो तुझा?”

“थांबेल! माझ्या मम्मीनं सिग्नलचे पैसे भरलेत!”

वर्ग खो खो हसला. वल्लरीबाईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. आफरीनचे कान लाल झाले. तिनं घाईघाईनं पुठ्ठ्याचा खांब उभा केला, तो आडवा झाला. घरी गरम गोंदाची बंदूक होती, इथे नुसती कागदी चिकटपट्टी. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. खिडकीबाहेर हाजराची बोटं हवेतच चिकटवायला लागली.

“आफरीन, खालून आधी...”

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. “गप्प बस. का हेही बक्षीस तुलाच हवंय?”

आफरीननं मान वर केली, खिडकीत आईला शोधलं. आणि हाजरा मटकन खाली बसली. भिंतीला पाठ, गुडघ्यांत डोकं. कोणाला दिसू नये अशी.

“मावशी, बघतेय का ती इकडे?”

“बघत होती. आता नाही.”

“रडते?”

“भांडतेय.”

“काय म्हणून?”

“अथर्व विचारतोय, पाय दुखणाऱ्या म्हातारीनं तुझ्या पुलाचे जिने चढायचे कसे.” प्रश्न मला फारच पटला.

“मग? काय म्हणाली?”

“माहीत नाही म्हणाली.”

हाजरानं डोळे मिटून घेतले. तिच्या त्या खोलीत एवढी मॉडेलं झाली, पण हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

“मावशी, आता?”

“तिघं मिळून तो अर्धवट पूल मोडतायत. कोमल म्हणतेय, जिन्याऐवजी उतार करू. अथर्व म्हणतोय, मग तो रस्त्यात येणार.”

“माझा पूल!”

“तुझाच. आता कात्री घेतली तिनं.”

“सरळ कापतेय?”

मी गजांतून वाकून नीट पाहिलं. “नाही. वाकडं.”

हाजराचे दोन्ही हात जमिनीवर टेकले, उठायला. मग तिनं हात उचलले, ओढणीत गुंडाळले आणि मांडीखाली दाबून धरले.

“सांगत राहा, मावशी,” ती म्हणाली. “मी बघत नाही.”