एकवीस सोमवार
बेलपत्राचा वास आला की अंबडच्या चाळीतली माझी नवपरिणीत शेजारीण आठवते. सटाण्याकडची पोर. दुपारी तांदूळ निवडताना खाली मान घालून म्हणाली, "वैनी, हे जवळ आले की इतकं दुखतं, रडूच येतं. तुम्हाला झालं कधी असं?" "झालं ना! अकरा सोमवार केले, महादेवानं सगळं सुरळीत केलं," मी ठोकून दिलं. माझं वय तेव्हा सत्तावीस, पण थाट असा, जणू महादेव माझ्याच सल्ल्यानं संसार करतोय! सोमवारांनी मला धीर दिला होता हे खरं, पण दुखणं थांबवलं ते गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी मला तपासलं, औषध दिलं, आमच्या ह्यांनाही समोर बसवून समजावलं. ते सांगायची मला लाज वाटली. देवाचं नाव घ्यायला कसली लाज! तिनं अकराचे एकवीस सोमवार केले. मग सुकल्या तोंडानं म्हणाली, "वैनी, माझीच भक्ती कमी पडली." तेव्हाही मी डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं नाही. महिन्याभरात नवऱ्यानं तिला माहेरी पोचवलं, ती परत आलीच नाही. हल्ली नातसुनांनी न विचारताच मी त्यांना, नवरा जवळ आल्यावर दुखलं तर असू दे म्हणून, डॉक्टरचा पत्ता देते. "आजी, किती चावट हो तुम्ही!" म्हणून त्या हसतात. हसू देत. हा चावटपणा मला त्या दुपारी सुचायला हवा होता.