मायनस नऊचे डोळे

मुलीच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेला मी भलत्याच पोरीला मिठी मारली, त्या दिवशी माझं ठरलं.

माझा नंबर मायनस नऊ. गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला, चष्मा खाली पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली गेला. मग मला फक्त एवढं दिसलं, की एक पिवळा ठिपका धावत पहिला आला. माझ्या मुलीचा टी-शर्ट पिवळाच होता. मी जाऊन ठिपक्याला उचललं, पटापट पापे घेतले, आणि ठिपक्यानं भोकाड पसरलं. मागून माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "मम्मी, आय ॲम हिअर. आय केम लास्ट."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही तेव्हा बहारीनमध्ये होतो. तिथं लेसरनं नंबर घालवतात, हे मला शेजारच्या मल्याळी सिस्टरनं सांगितलं. आम्ही हूरा भागात एकाच मजल्यावर राहायचो, ती सलमानिया हॉस्पिटलात नर्स होती. "दस मिनट का काम," ती म्हणाली. नवऱ्याला मात्र दहा दिवस समजावावं लागलं. ते जहाज-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे फोरमन. आम्ही दोघं अकोल्याकडचे. एरवी त्यांची हिंदी-इंग्रजी फाडफाड चालायची, पण घाबरले की थेट वऱ्हाडी.

"डोयात लेसर? तुले येड लागलं काय? माह्याकडची पोरं एकडाव बिना काचेचं वेल्डिंग पायतेत, तं दोन दिवस डोयात रेती गेल्यावानी लोयतेत!"

"अहो, हे वेल्डिंग नाही."

"मंग काय हाय?"

ते मलाही नीट माहीत नव्हतं. पण उन्हाळ्यात ऑफिसच्या एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि रस्त्यावर मी आंधळी व्हायची, हे मला पुरेपूर माहीत होतं. शेवटी त्यांनीच एका खाजगी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर इजिप्तची, माझ्याच वयाची होती. भीती जावी म्हणून आधी एक गोळी दिली. त्या गोळीनं भीती गेली ती गेलीच, वर हसू यायला लागलं. डोळ्यांत थेंब टाकून पापण्या चिमट्यानं ताणून धरल्या, तरी माझं पोट हलतच होतं. डॉक्टर म्हणाली, "लाल दिव्याकडे बघा आणि अजिबात हलू नका." हलू नका म्हटल्यावर तर आणखीच. शेवटी मी मनात त्रिसरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागले. मनात म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे. मशीन टकटक वाजत होतं, केस जळल्यासारखा वास येत होता, लाल दिवा वितळून कुंकवाएवढा झाला होता, आणि नर्सनं माझा हात दाबून विचारलं, "मॅडम, गाना गा रहे हो?"

"खलास! झाला हा," डॉक्टर म्हणाली. "दुसरा डोळा. यल्ला, चला!"

बाहेर आले तेव्हा सगळं धुक्यातून बघितल्यासारखं होतं. नवऱ्याचा शर्ट घामानं ओला झालेला मात्र मला त्या धुक्यातूनही दिसला.

घरी आल्यावर गोळीचा असर उतरला आणि डोळे असे चुरचुरले, की नवऱ्याचं रेतीचं बोलणं पटलं. डोळे चोळायचे नाहीत, तोंडावर पाणी घ्यायचं नाही, झोपताना प्लॅस्टिकच्या वाट्या चिकटवायच्या. त्या वाट्यांची पट्टी माझ्या गालांवर काही टिकेना. तेव्हा नवऱ्यानं वर्कशॉपचा कोरा करकरीत संरक्षक गॉगल काढला आणि माझ्या डोक्यावर रबर ताणून बसवला. "आता खुशाल झोप. लोखंडाचा तुकडा आला तरी भेव नाही." दुपारी सिस्टर डाळीची वाटी घेऊन आली, तर पलंगावर गॉगल घातलेली मी. ती दाराशीच बसून हसली, आणि डाळ फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॉगल काढला आणि सवयीनं उशाशी चष्मा चाचपला. चाचपता चाचपता भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सात वाजून वीस मिनिटं. सेकंदकाटासुद्धा! मी ओरडले, "अहो, सात वीस!" ते न्हाणीघरातून साबणासकट धावत आले.

दवाखान्यात मी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. डॉक्टर "बास" म्हणाली तरी थांबेना. तक्त्याखालचं छापखान्याचं नाव वाचलं, तिच्या कोटावरचं धोब्याचं निशाण वाचलं. परत येताना गाडीत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत होते. टेलरिंग शॉप, कोल्ड स्टोअर, रूम फॉर रेंट. अरबी येत नव्हतं, तर अक्षरांवरचे नुक्ते मोजले. मुलगी मागून किंचाळत होती, "मम्मी, स्टॉप!"

सिग्नलला मी म्हटलं, "ती बघा, सिंगल बॅचलर ओन्ली."

"कुठं?" नवरा म्हणाला.

"अहो, त्या पांढऱ्या पाटीवर."

त्यांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली. "कोणती पाटी?"

मग मी जी हसत सुटले! डॉक्टरनं डोळे ओले करू नका म्हटलं होतं, आणि माझ्या गालांवरून पाणी चाललेलं. मायनस दीड निघाला त्यांचा. आठवड्यात चष्मा आला. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे चष्म्याचे वण जातीन ना तुह्या नाकावरचे?"

ते जायला वर्ष लागलं. रात्री दिव्यांभोवती कडी दिसायची, तीही काही महिन्यांनी गेली.

पोहायची परवानगी महिन्यानं मिळाली. शुक्रवारी आम्ही बुसैतीनच्या किनाऱ्यावर गेलो. तोवर समुद्र म्हणजे मला निळा-करडा पसारा, कारण चष्मा काढूनच पाण्यात जायचं. त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि खाली बघितलं, तर माझी दहाही बोटं! नखांवरचा अर्धवट उडालेला रंगसुद्धा. बोटांमधून नखाएवढे मासे ये-जा करत होते. एकानं अंगठ्याला टोचलं, मी उडी मारली आणि बसकन पाण्यात पडले.

"डोये मीट! डोये मीट!" नवरा काठावरून ओरडत होता, चष्म्यावर खारं पाणी उडालेला.

कशाला मिटते मी.