आबांचं सरकारी चंदन

माघ महिना, सन १९३७, सोमवार सकाळ. जागा : किसनआबांच्या शेताची विहिरीकडची कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपण. हजर : जंगल खात्याचे दारोगासाहेब, त्यांचा शिपाई, गावचे पटवारी, खुद्द किसनआबा, त्यांच्या पत्नी धुरपदाकाकू, आणि पंच म्हणून मी, आबांचा शेजारी आणि गावचा किराणा दुकानदार. कोणाचा खून झालेला नव्हता. कुपाटीत चंदनाचं एक झाड उगवलं होतं, त्याचा पंचनामा होता.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर. राज्य निजामाचं. चंदन कोणाच्याही रानात उगवो, ते सरकारचं, असा कायदा. राखायचं मात्र जमीनवाल्यानं. चोरीला गेलं तर जबाब त्यानं द्यायचा, वाळलं तरी त्यानंच. त्यामुळे गावात एक न बोलता चालणारा रिवाज पडला होता. पाखरांनी टाकलेल्या बीतून चंदनाचं रोप वर आलं, की निंदायला आलेल्या बाया ते गवताबरोबर उपटून बांधावर टाकायच्या. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. चंदन वाचवायचा कायदा आला तेव्हापासून आमच्या शिवारात चंदन उरलं नव्हतं.

आबांनी रोप उपटलं नाही. ते मनगटाएवढं होऊ दिलं आणि कळमनुरीच्या जंगल कचेरीत चालत जाऊन स्वतः खबर दिली. तिथल्या कारकुनानं म्हणे त्यांना आधी बसवलं, पाणी दिलं, आणि मग तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

पंचनाम्याच्या दिवशी शिपायानं खोडावर डांबरानं आकडा काढला. दारोग्यांनी सगळ्या अटी वाचून दाखवल्या. आबांनी हात जोडून विचारलं, "सगळं बराबर हाय साहेब. पण ह्यात माझं काय?"

दारोगा भला माणूस होता. त्यानं प्रामाणिकपणे वर पाहिलं आणि म्हणाला, "सावली."

चंदनाची सावली म्हणजे चाळणीतून पडलेल्या उन्हासारखी. आबांनी तीही जमिनीवर नीट न्याहाळली आणि अंगठा उठवला.

त्या दिवसापासून आबा त्या झाडाला जावईबापू म्हणू लागले. "खाऊ घाला, राखण करा, आन् रागावता यायचं न्हाई," ते सांगायचे. "माल दुसऱ्याच्या घरचा." चंदनाचं मूळ शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांचा रस ओढतं. तीन-चार वर्षांत बाजूची बोर वाळली, मग कडुनिंब खुरटला. आबांनी तक्रार केली नाही. "सरकारी हाय ते. दुसऱ्याच्या ताटातलंच खाणार," एवढंच म्हणाले.

हा उपद्व्याप त्यांनी का केला, ते त्यांनी मला पुढे एकदा दुकानात सांगितलं. त्यांचे वडील गेले तेव्हा चितेवर ठेवायला हिंगोलीच्या बाजारातून चंदनाची ढलपी आणली होती. अग्नी दिला, पण वास आला नाही. कोणत्या तरी साध्या लाकडाला तेल चोळून दिलं होतं. माणसाला शेवटचं म्हणून जे दिलं तेच खोटं निघालं, हे आबांच्या मनातून कधी गेलं नाही. स्वतःच्या चितेवर स्वतःच्या रानातल्या चंदनाची एक ढलपी पडावी, खरी आणि कायद्यानं मिळालेली, एवढीच त्यांची इच्छा. आपण होऊन खबर दिली, इमानानं राखलं, तर सरकार एका ढलपीला नाही म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. सरकारला ओळखण्यात आबांची चूक झाली ती एवढीच.

मला उर्दू लिहिता येत होतं, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. "अर्जदाराच्या मरणसमयी सदर झाडाची एक ढलपी देण्याची मंजुरी असावी." वर्षभरानं कागद परत आला. वर शेरा होता : मरणाची तारीख लिहिलेली नाही, ती भरून अर्ज पुन्हा सादर करावा.

मी हसलो. आबा हसले नाहीत. "बराबर हाय त्यायचं," ते म्हणाले. "तारीख नसंल तर माणूस कवा पाठवावा, त्यायला तरी कसं कळन?" मग काकूंकडे वळून म्हणाले, "तुला काई अंदाज?"

"तुमी आज बाजारातून मीठ आणाय इसरले," काकू म्हणाल्या. "आजचीच टाका."

त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की मी अर्ज नव्यानं लिहायचो आणि तारखेची जागा कोरी ठेवायचो. तो दर वर्षी त्याच शेऱ्यासह परत यायचा.

एका उन्हाळ्यात वादळानं झाडाची फांदी मोडली आणि नेमकी विहिरीच्या पायऱ्यांवर पडली. आबांनी वर्दी दिली, पण फांदीला हात लावला नाही. दारोगा येईपर्यंत काकू घागर घेऊन पलीकडच्या दरडीवरून उतरत होत्या आणि उतरताना नवऱ्याचा उद्धार करत होत्या. शेवटी दारोगा आले, फांदी गाडीत घालून निघाले. गाडी वेशीपर्यंत गेली असेल, तेवढ्यात काकूंना झाडताना केरसुणीत अडकलेली बोटभर ढलपी सापडली. त्यांनी ती नाकाशी धरली आणि गुपचूप पदराला बांधली. आबांनी ते पाहिलं. काकूंना घेऊन ते गाडीमागे धावले. मीही मागून गेलो.

दारोग्यांनी ढलपी पाहिली, आबांकडे पाहिलं. त्यांना अर्जाची सगळी हकीकत ठाऊक होती. हळूच म्हणाले, "चाचा, रख लो. मैंने देखा नहीं."

"लिहून द्या," आबा म्हणाले.

दारोग्यांनी मान हलवली. लिहून देणं त्यांच्या हातात नव्हतं आणि न लिहिता घेणं आबांच्या स्वभावात नव्हतं. दोघं भले गृहस्थ भर उन्हात बराच वेळ एकमेकांसमोर उभे राहिले. अखेर ढलपी गाडीत गेली. काकू पुढे कितीतरी दिवस आबांशी फक्त बैलांमार्फत बोलत होत्या.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या धास्तीनं गावोगावची माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागली. मी नेण्याच्या वस्तूंची यादी केली, गाडी जुंपली आणि आबांना बोलवायला गेलो. ते कुपाटीजवळ बसले होते.

"मी न्हाई येत. झाड माझ्या हवाली हाय," ते म्हणाले.

मी समजावलं, की ज्या सरकारचं झाड, ते सरकारच आता जातं की राहतं असं झालंय.

"म्हणूनच," आबा म्हणाले. "जाणारा जाताना सामान मोजून जातो, येणारा येताना मोजून घेतो. मधी एक झाड कमी भरलं तर नाव कोणाचं येईल?" काकूंना ते जा म्हणाले. काकूंनी चूल पेटवली.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. झाड जागेवर होतं. आबा तापानं अंथरुणाला खिळले होते. मला पाहून म्हणाले, "जावईबापू बराबर हायत. कोणी मोजाय आलं का?" कोणी आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

कळमनुरीच्या कचेरीला कुलूप होतं. जुने साहेब निघून गेले होते, नवे आले नव्हते. विचारायला कोणी नव्हतं आणि अडवायलाही कोणी नव्हतं. आबांचा पुतण्या कुऱ्हाड घेऊन कुपाटीकडे निघाला. आम्ही कोणी त्याला थांबवलं नाही, मी तर नाहीच. काकू आडव्या आल्या.

"ठेव ती," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं त्यायनं इचारलं. आज न इचारता घेतलं, तर ते सगळं इचारणं वाया जाईल."

आबांना बाभळीच्या लाकडांवर अग्नी दिला. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला बांधून ठेवतात. काकूंनी मडकं चंदनाच्या फांदीला बांधलं. बांधायला मनाई आहे का, असं मला आधी विचारून घेतलं. मंजुरी आली की ढलपी अस्थींबरोबर गोदावरीत सोडायची, तोवर अस्थी हलवायच्या नाहीत, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. "सासऱ्याला चार दिवस जावयाकडं राहू द्या," म्हणाल्या.

मी अर्ज काढला. इतकी वर्षं कोरी राहिलेली तारीख भरली आणि कचेरी उघडल्याचं कळताच घेऊन गेलो. नव्या कारकुनानं सगळं वाचलं, तारीख आहे म्हणून मान डोलावली, आणि वर नाव कोणाचं लिहिलंय ते पाहून कागद परत दिला. ते साहेब आता नाहीत. नवे कोण, त्याचा हुकूम यायचा आहे. चंदनाचा कायदा मात्र, त्याच्या समजुतीप्रमाणे, होता तोच आहे.

दहावा झाला, तेरावा झाला, भांडी परत गेली, आबांच्या बैलांची सोय लागली. आबा गेल्यावर मी कामांची यादी केली होती, तिच्यातल्या या सगळ्या ओळी खोडून झाल्या आहेत. अर्जही तयार आहे, फक्त वरच्या नावाची जागा कोरी आहे. संध्याकाळी मी दुकान बंद करत असतो तेव्हा काकू कुपाटीकडून येतात आणि हुकूम आला का म्हणून विचारतात. मडकं अजून फांदीला आहे.