ऊद, गुलाब आणि गॅस

"थांब वं! काडी ओढू नको, घरात गॅस सुटला!" शेजारीण दारातूनच ओरडली. मी कोळशाची शेगडी पेटवणारच होते. थंडी म्हणून खिडक्या बंद. सून आणि मी अत्तराचे फाये हुंगत, हिवाळ्यात ऊद बरा की गुलाब, यावर वाद घालत बसलो होतो. तिकडे दूध उतू जाऊन गॅस विझला, पण उदाच्या त्या दाट, गोड वासात आम्हाला काही कळलंच नाही.

"नाकं मेली काय तुमची?" शेजारीण गॅसचं बटण बंद करून खिडक्या उघडत म्हणाली.

अंगणात कुडकुडत उभ्या राहिलो, तेव्हा ती थंडीही बरी वाटली. ऊद अंगाला जास्त ऊब देतो, हे खरं. पण गुलाबातून बाकीचे वास कळतात, म्हणून आता मी गुलाबच लावते. त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. दोघीही वाचलो.